मामंजींच्या मानेमागचा फिकट पट्टा

इंजिनिअरने फोनवर तोंड भरून स्तुती केली, आणि ती ऐकता ऐकता धाकटीला चहा जाईनासा झाला.

स्टुडिओतले सगळे मोठ्या टेबलाभोवती चहा घेत होते. कौतुक चारचौघांत झालेलं बॉसला आवडायचं, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला होता. पलीकडे जुन्या इमारतींच्या देखभालीचं काम बघणारा इंजिनिअर होता. वाचनालयाच्या दारावर दगडात कोरलेलं एक दाढीवालं डोकं आहे. त्याचं धाकटीने संगणकावर बनवलेलं मॉडेल त्याला फारच आवडलं होतं.

"दगडाचा कण न् कण दिसतो हो," तो म्हणाला. "भेगा, खड्डे, शेवाळ, सगळं. आमच्या माणसांनी स्क्रीनवरच फिरवून फिरवून तपासणी उरकली. भेगा आहेत, पण सगळ्या जुन्या, बोथट झालेल्या. ताजं काही नाही. यंदा परांची बांधून वर चढायचं कामच रद्द केलं आम्ही."

"ऐकलंस का?" बॉस धाकटीला म्हणाला. "लोकांना वर चढायची गरज उरली नाही. मान ताठ कर जरा!"

टेबलाभोवती टाळ्या पडल्या. धाकटीने कप खाली ठेवला. त्या मॉडेलवरच्या निम्म्याहून अधिक भेगा तिने स्वतःच्या हाताने रेखाटल्या होत्या.

यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. शहरातल्या काही जुन्या इमारतींवरची कोरीव कामं एका प्रदर्शनात मोठ्या पडद्यावर दाखवायची, लोकांनी ती बोटाने फिरवून बघायची, एवढंच स्टुडिओला सांगितलं होतं. चांगलं दिसलं पाहिजे, खरं वाटलं पाहिजे. पुढे कुणीतरी त्याच फाइली देखभाल विभागाकडे पाठवल्या. मॉडेल सजवलेलं आहे हे इंजिनिअरला माहीत नव्हतं. कुणीतरी त्याच्या भरवशावर दगड तपासणार आहे हे धाकटीला माहीत नव्हतं.

तिचं काम असं. दगडाचे सगळ्या बाजूंनी शेकडो फोटो काढायचे. ते जुळवून संगणक आकार तयार करतो, पण तो आकार पाण्यात राहिलेल्या साबणासारखा गुळगुळीत असतो. त्याचा दगड करायचा ही धाकटीची कला. आधी पाणी कुठून येतं ते ठरवायचं. मग जिथे पाणी आदळतं तिथल्या कडा झिजवायच्या, जिथे साचतं तिथे खड्डे पाडायचे, जिथून ओघळतं तिथे काळे डाग सोडायचे, सावलीच्या खोबणीत शेवाळ भरायचं. प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरात, म्हणजे कमीजास्त करता येते. तिने केलेला दगड पाहून माणसं स्क्रीनला हात लावायची. आपला हात या कामात कुणी धरू शकत नाही, हे तिला ठाऊक होतं आणि त्याचा थोडा ताठाही होता.

त्यातून हे डोकं घरच्यासारखं. तिची थोरली बहीण त्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर बसायची आणि दुपारी डबा खायला दारातल्या वरच्या पायरीवर यायची, कारण डोक्याची सावली नेमकी तिथे पडायची. कपाळाला आठ्या, ओठ मिटलेले, नजर खाली. थोरलीने त्याचं नाव ठेवलं होतं मामंजी. "नवरा मिळायचा तेव्हा मिळेल," ती म्हणायची, "सासरा तर मिळाला! तोही तोंडातून शब्द न काढणारा. कुणाच्या नशिबात असतो असा?"

फोन संपला. धाकटी आपल्या जागेवर गेली आणि तिने मामंजींची फाइल उघडली.

नेहमीसारखे मामंजी समोर आले. तिने शेवाळाचा थर बंद केला. चेहरा उघडा पडला. काळ्या ओघळांचा थर बंद केला. मग बारीक कण, मग खड्डे, मग भेगा. एकेक थर जात होता तसं ते डोकं तरुण आणि अनोळखी होत होतं. आता एकच थर उरला. त्याला तिने कामाच्या घाईत नाव दिलं होतं, 'मान साफ'. त्यावर तिचं बोट थांबलं. यात काय होतं ते तिला नीट आठवत होतं, म्हणूनच थांबलं.

डोकं भिंतीला जिथे मिळतं तिथे मानेमागे, कानामागे, टाळूवरून, गोलाकार एक फिकट पट्टा दिसत होता. बोटभर रुंद. बाकी दगड धुरकट काळा आणि हा पट्टा नुकत्याच फोडलेल्या दगडासारखा स्वच्छ. फोटो काढताना उजेड परतून आला असावा असं तिने धरलं होतं. इतका स्वच्छ दगड असतो कुठे? खोटा वाटतो. "मामंजी, मान घासून आंघोळ केलीत वाटतं," असं ती तेव्हा शेजारच्याला हसत म्हणाली होती आणि शेजारच्या काळ्या दगडाचा पोत उचलून तिने तो पट्टा भरून टाकला होता. वर शेवाळाचे दोन ठिपकेही दिले होते. छान जमलं होतं.

तिने तो थर बंद केला. पट्टा पुन्हा दिसू लागला.

फोटो दोन खेपांना काढले होते. पहिल्या खेपेत टाळूचा भाग नीट आला नव्हता, म्हणून फोटोग्राफर काही महिन्यांनी पुन्हा जाऊन आला होता. दोन्ही खेपांचं डोकं एकमेकांवर बसेना, संगणक तक्रार करत राहिला. तेव्हा तिने कॅमेऱ्याला दोष दिला आणि हाताने ढकलून जुळवून घेतलं. आता तिने दोन्ही खेपांचे मूळ फोटो शेजारी शेजारी ठेवले.

पहिल्या फोटोत पट्टा नव्हताच. भिंतीवरून उतरलेला काळा ओघळ अखंड टाळूवर येत होता आणि कपाळावरून नाकापर्यंत जात होता. दुसऱ्या फोटोत ओघळ भिंतीवर संपत होता, मग तो फिकट पट्टा, आणि ओघळाचा उरलेला तुकडा थोडा खाली, थोडा पुढे.

दगड उघड्यावर आला की काळा पडतो. जो काळा नाही तो उघड्यावर नव्हता. म्हणजे तो भिंतीच्या आत होता आणि बाहेर आला होता. हे तिच्याइतकं चांगलं स्टुडिओत कुणालाच कळत नव्हतं, आणि ते तिनेच झाकलं होतं.

ती लॅपटॉप उचलून तशीच बॉसच्या खोलीत गेली.

"सावली असेल गं," बॉस म्हणाला.

"सावली फिकट नसते."

त्याने दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग उठून खोलीचं दार लावलं. तो घाबरला होता, पण त्याची भीती वेगळ्या वाटेने चालली होती. "म्हणजे आपण त्यांना खोटं मॉडेल दिलं, असं आपल्याच तोंडाने सांगायचं?"

"आपण दिसायला दिलं होतं. तपासायला नव्हतं दिलं."

"अगदी बरोबर! हेच नीट शब्दांत लिहून पाठवू. आधी वकिलाला विचारतो. संध्याकाळपर्यंत थांब, कुणाला काही बोलू नकोस. इतकी वर्षं राहिलंय ते डोकं, एका दुपारीत काय होतंय?"

"त्याच्याखाली माझी बहीण बसते," धाकटी म्हणाली.

तिने त्याच्यासमोरच इंजिनिअरला फोन लावला. उचलला नाही. तिने दोन्ही फोटो पाठवले, खाली लिहिलं, 'डोकं बाहेर सरकलंय, मॉडेलवर जाऊ नका, ताबडतोब फोन करा'. मग थोरलीला फोन लावला.

"ताई, कुठे आहेस?"

"कुठे असणार? दारात. मामंजींच्या पायाशी. आता त्यांना पाय नाहीत ही गोष्ट वेगळी." मागे खरखर असा आवाज येत होता.

"तिथून बाजूला हो. आधी बाजूला हो, मग सांगते."

"बाजूला कशी होऊ? स्टूल धरलंय मी. दार अडकलंय ना! महिनाभर वरून घासत होतं, आज सकाळी तर पोस्टमनने आणि मी मिळून खांदा लावला तेव्हा उघडलं. सुतार आलाय. चौकटीची वरची पट्टी थोडी कापून काढतो म्हणतोय, म्हणजे दार मोकळं होईल."

धाकटीच्या डोळ्यांसमोर मामंजींच्या दाढीचं टोक आलं. दाढी आणि चौकट यांच्यामध्ये एक फट होती. दाराला काय झालं होतं ते आता तिला कळलं. फट उरली नव्हती. सरकत सरकत मामंजी चौकटीवर टेकले होते. त्या लाकडाने त्यांना तोलून धरलं होतं, आणि सुतार तेच लाकूड कापत होता.

"ताई, त्याला थांबव! खाली उतरव त्याला!"

"काय? अगं, करवतीपुढे काही ऐकू येत नाहीये. आणि एका हाताने स्टूल धरलं तर हलतंय. ठेवते मी, मग करते तुला."

फोन बंद झाला. धाकटीने पुन्हा लावला. वाजत राहिला. थोरलीने तो पर्समध्ये टाकून दोन्ही हातांनी स्टूल धरलं असणार, हे तिला न बघता दिसत होतं.

वाचनालय दोन गल्ल्या सोडून होतं. ती पळत सुटली. पायात ऑफिसातल्या सपाता होत्या, त्यातली एक वळणावर राहिली. वाटेत प्रत्येक इमारतीवरून काहीतरी पुढे आलेलं होतं, सज्जे, कमानी, कठडे. रोज ती त्यांच्यावरचे डाग बघत जायची, त्यातून शिकायची. आज ते सगळं वरून तिच्याकडे वाकलेलं वाटत होतं. फोन वाजला. इंजिनिअर.

"मॅडम, हे काय पाठवलंत? मॉडेलमध्ये असलं काही नाहीये."

"मॉडेलमध्ये मी ते झाकलंय," ती पळता पळता म्हणाली. "डोळ्यांना खुपत होतं म्हणून. खरं फोटोत आहे. आणि आत्ता तिथे सुतार चौकट कापतोय."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. "ठोकाठोकी करू देऊ नका. काहीही ठोकू देऊ नका. निघालोच."

वाचनालयासमोर पोचली तेव्हा करवतीचा आवाज थांबलेला होता. त्याने तिला अधिकच धडकी भरली. पायऱ्यांच्या वर, उघड्या दारात, स्टुलावर सुतार उभा होता. त्याचं डोकं मामंजींच्या दाढीपासून हातभर अंतरावर. खाली वाकून थोरलीने स्टुलाचे पाय धरले होते. धाकटीने मान वर केली. फिकट पट्टा रस्त्यावरूनही दिसत होता. फोटोत तो बोटभर होता. आता तळहाताएवढा.

इथून ओरडलं तर दोघं दचकतील, आणि सुताराचा हात चौकटीवर होता. म्हणजे जवळ जायला हवं होतं. एवढी पळत आलेली ती, शेवटच्या पायऱ्यांपाशी तिला स्वतःला अक्षरशः लोटावं लागलं.

"आली बघा बहीण," थोरली सुताराला म्हणाली. "चेहरा बघा हिचा! अगं, कुत्रं लागलं की काय मागे? आणि दुसरी चप्पल कुठे?"

"ताई, हळू बोल. हलू नकोस."

"बाई, बाजूला व्हा, डोळ्यात भुसा जाईल," सुतार म्हणाला. तो वैतागलेला होता. करवतीचं पातं चौकटीत अर्ध्यापर्यंत जाऊन रुतलं होतं. "बघा ना, जाम आवळून बसलंय. पाचर ठोकून सोडवतो." त्याने कमरेची हातोडी काढली.

"ठोकू नका."

"ठोकल्याशिवाय कशी निघेल?"

"राहू द्या ती तिथेच. खाली या."

"राहू द्या म्हणे! करवत माझी आहे ना बाई, तुमची नाही. हाताला बसायला वर्षं लागतात."

"करवतीचा काप आपोआप मिटला का?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटत होता. "लाकूड स्वतःहून आवळत नाही ना? वरून भार आलाय त्याच्यावर. वर बघा. हळूच."

सुताराने वर पाहिलं. हातोडी हवेतच राहिली. त्याच्या हातावर वरून काहीतरी भुरभुरत पडत होतं. त्याने दुसऱ्या हाताने ते पुसलं. भुसा नव्हता तो. फिकट, टोकदार, खरखरीत कण. असे लाखो कण धाकटीने आजवर माऊसने पेरले होते.

"आयला," सुतार अगदी हळू म्हणाला.

"चौकट धरू नका. माझ्या खांद्यावर हात ठेवा आणि उतरा."

त्याने हात ठेवला. तो हात जड होता. एक पाय खाली आला, मग दुसरा. मग तो उलट्या पावलांनी, वरची नजर न काढता, पायऱ्या उतरून रस्त्यावर गेला.

थोरली अजून वाकलेलीच होती. आता तिनेही वर पाहिलं होतं.

"ताई, सोड स्टूल. चल."

"सुटत नाहीयेत गं." थोरलीचे डोळे वर लागले होते आणि बोटं स्टुलाच्या पायांभोवती घट्ट होती, पांढरी पडलेली. "हात सुटत नाहीयेत माझे."

धाकटी तिच्यासमोर बसली. दोघींच्या बरोबर वर ते डोकं. केसांत कण पडत होते, मानेवरून आत जात होते, तिला एकेक कळत होता. तिने थोरलीच्या उजव्या हाताची करंगळी उचलली, मग तिच्या शेजारचं बोट. लहानपणी थोरली असंच तिच्या मुठीतून चोरलेली खडूची कांडी काढून घ्यायची. वर कुठेतरी लाकूड कुरकुरलं. दोघी थिजल्या. पुन्हा शांत झालं. धाकटीने अंगठा सोडवला, मग दुसरा हात धरला.

"माझी पर्स," थोरली उठता उठता म्हणाली आणि वळली.

"पर्सबिर्स काही नाही!" धाकटीने तिला दंड धरून ओढलं. दोघी एकमेकींना धरून पायऱ्या उतरल्या आणि रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन पोचल्या.

"आतली माणसं?" धाकटीने विचारलं.

थोरलीने धाकटीच्या फोनवरून आतल्या सहकाऱ्याला सांगितलं, सगळ्यांना मागच्या दाराने काढा, पुढे कुणी फिरकायचं नाही. "मागच्या दारावर असं काही नाही," ती आपणहून म्हणाली. "नुसता पत्रा आहे." तेवढं बोलेपर्यंत ती ठीक होती.

थोड्याच वेळात वाचक मागून वळसा घालून समोर जमले. कुणी हसत होतं. एकजण म्हणाला, इतकी वर्षं बघतोय, याला काय धाड भरलीय? सुतार सगळ्यांना हात पसरून मागे रेटत होता. इंजिनिअर गाडी रस्त्यातच सोडून पळत आला. त्याने वर एकदाच पाहिलं आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणसं उभी करायला लावली.

"किती सरकलं असेल?" त्याने विचारलं. "तुमच्या मॉडेलवरून काही माप..."

"माझं मॉडेल विसरा. मूळ फोटो देते."

लोक हसत होते, दगड जागेवर होता. पडला नाही तर आपण सगळ्या गावात वेड्या ठरणार, असं तिच्या मनात आलं. आता पडलाच तर बरं, असंही आलं, आणि त्या विचाराची तिला दगडापेक्षा जास्त भीती वाटली.

आवाज मोठा नव्हता. आधी चौकट मोडली, सुकी फांदी मोडावी तशी, करवतीपाशीच. मग मामंजींनी मान खाली घातली. नुसती मान घातल्यासारखंच वाटलं ते, सावकाश. भिंतीतून मागचा लांब फिकट भाग बाहेर आला आणि सगळं एकदम खाली गेलं. स्टुलाचं काय झालं ते दिसलंच नाही. जमीन पायाखाली हलली, धूळ उठली, आणि हसणारे लोक गप्प झाले.

धूळ बसल्यावर वरच्या पायरीवर दगड दिसला. दोन तुकडे झाले होते. फुटलेली बाजू वर होती, आतून पिवळसर, साखरेसारखी चमकणारी. धाकटी बघत राहिली.

थोरली तिथेच फुटपाथच्या कडेवर बसली. धाकटीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आईला यातलं काही सांगायचं नाही," थोरली म्हणाली.

"नाही सांगत."

"काही म्हणजे काही नाही. रात्रभर झोपायची नाही ती." मग जरा थांबून, "माझा डबा होता गं पर्समध्ये." आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला.

इंजिनिअर त्यांच्याजवळ आला. त्याचा चेहरा धुळीने पांढरा झाला होता. तो धाकटीशेजारी उकिडवा बसला आणि लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "जुन्या पोस्टाच्या दारावर ते दोन सिंह आहेत. ती मॉडेलंही तुम्हीच केलीत ना?"

"हो."

"तीही आम्ही स्क्रीनवरच पास केली. तिथे पण तुम्ही काही... भरलंय का?"

धाकटीने डोळे मिटले. सिंह आठवले. आयाळीतलं शेवाळ आठवलं, पंजांवरचे ओघळ, डाव्या जबड्याची सुंदर झीज, जी बघून बॉसने सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. तिने वर घातलेलं सगळं आठवत होतं. त्याच्या खाली काय होतं, ते काही केल्या आठवेना.

"माहीत नाही," ती म्हणाली. "दार बंद करा. आत्ता लगेच. फाइल मी नंतर बघते."

इंजिनिअरने फोन आधीच कानाला लावला होता. पलीकडे रिंग जात होती. या वेळेला पोस्टाच्या पायऱ्यांवर रांग असते, हे दोघांनाही माहीत होतं. धाकटी उठून उभी राहिली आणि फोन उचलला जाण्याची वाट न बघता, एका पायात सपात आणि दुसरा पाय अनवाणी, त्याच्या गाडीकडे निघाली.